शनिवारची सकाळ, कॅसेटवरची बुरशी आणि पुठ्ठ्याचा राक्षस

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कमी पैशांत उभ्या केलेल्या जुन्या बालमालिकांवर मागच्या अंकात चार ओळी छापल्या आणि नागपूरहून पत्रांचा ओघ सुरू झाला. निव्वळ आठवणींची पत्रे बाजूला ठेवली आहेत. काही दुरुस्त करायचे आहे, बनवायचे आहे किंवा एखादा वाद मिटवायचा आहे, अशीच पत्रे इथे घेतली.

प्रश्न : माळ्यावर सहा व्हीएचएस कॅसेटी निघाल्या. १९९८-९९ मध्ये घरच्या व्हीसीआरवर भरलेले ‘शक्तिमान’ आणि ‘कॅप्टन व्योम’. दोन कॅसेटींच्या काचेतून पांढरे ठिपके दिसून राहिले. शेजाऱ्यांकडे चालू व्हीसीआर आहे. सरळ लावून पाहू का?
— एक वाचक, महाल

उत्तर : लावू नका. ते ठिपके बुरशीचे आहेत. बुरशीची एक कॅसेट मशीनमध्ये गेली की तिची पूड फिरत्या ड्रमवर बसते आणि पुढच्या पाच चांगल्या कॅसेटींनाही लागते. शिवाय शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात ते वेगळेच.

नागपुरात कॅसेटला दोन शत्रू आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या छताखालचा माळा त्याहून तापतो, त्यामुळे फीत ताणली जाते, गुंडाळीचे पदर सैलावतात. मग जुलै ते सप्टेंबर दमट हवा आत शिरते आणि बुरशी धरते. म्हणून पहिले काम कोरडे करण्याचे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी पाव किलो सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा आणि कॅसेटी उभ्या लावून दोन आठवडे विसरून जा. निळे खडे गुलाबी झाले की ते बदला. उन्हात वाळवण्याचा मोह टाळा. उन्हाने बुरशी वाळते खरी, पण फीतही वाकडी होते, आणि ती पुन्हा सरळ होत नाही.

वाळल्यावर बुरशी मरत नाही, फक्त झोपते. मात्र ती आता चिकट राहत नाही, पूड होते, त्यामुळे पुसता येते. हे काम गॅलरीत, नाकाला मास्क लावून करा. कॅसेट पालथी केली की पाच स्क्रू दिसतील. ते काढून कॅसेट पुन्हा सुलटी धरा आणि मगच वरचे झाकण उचला. पालथी असताना उघडली तर रिळे, स्प्रिंगा आणि बारके रूळ फरशीवर येतात आणि कुठला कुठे होता ते कळत नाही. उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन्ही रिळांच्या कडा कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने (चष्मा पुसायचे चालते) हलक्या हाताने पुसा. मग ती रिळे दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवा. रद्दीवाल्याकडे लग्नाच्या जुन्या कॅसेटी मिळतात, त्यांचे खोके कामाला येते. नंतर कापड दोन बोटांत हलके धरून फीत त्यातून सरकवत एका रिळावरून दुसऱ्यावर घ्या. ई-१८० कॅसेटमध्ये सुमारे २५० मीटर फीत असते. घाई केलीत तर चुणी पडेल, आणि चुणीच्या जागी चित्र कायमचे फाटते.

व्हीसीआर लावण्याआधी त्याचे हेड, म्हणजे ड्रमवरचा फीत वाचणारा भाग, पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचे घ्या. ७० टक्क्यांच्या सॅनिटायझरमध्ये पाणी असते, ते नको. मऊ शमीच्या चामड्याचा तुकडा अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला टेकवा आणि तुकडा स्थिर ठेवून ड्रम हाताने फिरवा. तुकडा वर-खाली घासला तर हेडचे बारीक टोक तुटते आणि मशीन भंगारात जाते. कानातली कापसाची काडीही नको, तिचा धागा हेडमध्ये अडकतो. मशीन वर्षानुवर्षे बंद असेल तर आतले रबरी पट्टे तपासा. बोटाला काळे लागले तर पट्टा वितळायला लागला आहे, आणि तो फीत चावल्याशिवाय राहणार नाही. आधी नको असलेली एखादी कॅसेट दहा मिनिटे चालवून पाहा. ती धड बाहेर आली तर पुढे जा.

आता भरणे. व्हीसीआरच्या पिवळ्या पिनेतून चित्र आणि पांढऱ्या पिनेतून आवाज संगणकात न्यायचा. बाजारातला सर्वात स्वस्त यूएसबी डोंगल मिळतो, पण जुन्या फितीचा वेग थोडा डगमगतो आणि तो डगमग स्वस्त डोंगलला सोसत नाही. तो फ्रेम गाळतो आणि अर्ध्या तासाने ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. त्यावर घरगुती उपाय आहे. जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला तर तो मध्ये जोडा. रेकॉर्ड करायचे नाही, फक्त त्याच्यातून सिग्नल जाऊ द्यायचा. बऱ्याच मॉडेलांत आतला सर्किट डगमग बराच सावरून पुढे देतो. मांडणी ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड. आधी हफवाययूव्हीसारख्या नुकसान न करणाऱ्या पद्धतीत भरा. तासाला ३० ते ४० जीबी जातात, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला साधारण १०० जीबी जागा हवी. पाहण्यासाठीची छोटी प्रत त्यावरून नंतर करा. ती करताना २५ ऐवजी ५० फ्रेमची करा, कारण आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी असतात. २५ वर उतरवले की त्यातला एक क्षण जातो आणि गरगर फिरणारा नायक धक्के खात फिरताना दिसतो.

चित्राच्या तळाला नाचणारी एक पट्टी दिसेल. ती हेड बदलतानाची खूण आहे, बिघाड नाही. मूळ प्रतीतून ती कापू नका.

एक कळकळीची विनंती. जाहिराती गाळू नका. मालिकेचे भाग इतरत्र मिळतात, एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवलेही होते. तुमच्या कॅसेटमध्ये दुर्मीळ आहे ते मधले सगळे : बिस्किटाच्या जाहिराती, निवेदिका आणि ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी.

प्रश्न : ‘शक्तिमान’ शनिवारी लागायचा की रविवारी? घरात पैज लागली आहे.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : दोघेही जिंकले, पैसे परत करा. पहिला भाग १३ सप्टेंबर १९९७ ला आला आणि तो शनिवार होता. सुरुवातीला मालिका शनिवारी सकाळी असे, पुढे ती रविवारी दुपारी बारावर गेली. ज्यांची शनिवारची सकाळची शाळा होती त्यांच्या मनात रविवारच बसला, कारण शनिवारचे भाग त्यांच्या दप्तरातच राहिले. मालिका २००५ पर्यंत चालली, त्यामुळे पाच-सात वर्षे मागेपुढे जन्मलेल्या भावंडांच्या आठवणी जुळत नाहीत. मालिकेतली पत्रकार गीता विश्वासही दोघींनी केली : आधी किटू गिडवाणी, नंतर वैष्णवी महंत. पुढच्या पैजेला ते उपयोगी पडेल.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. तिथले पन्नाशी-साठीचे सहकारी शनिवार सकाळच्या टीव्हीचे नाव निघाले की हळवे होतात म्हणतो. ते कार्टूनच ना? त्यात खरी माणसे असलेल्या मालिका कुठून आल्या?
— एक वाचक, रामदासपेठ

उत्तर : बहुतेक कार्टूनच, पण सगळी नाहीत. १९६० च्या दशकात तिथल्या मोठ्या वाहिन्यांनी शनिवारची सकाळ मुलांना देऊन टाकली, कारण त्या वेळेचा मोठा जाहिरातदार मिळत नव्हता आणि गोड सीरियल व खेळणी विकणाऱ्यांना मात्र तीच वेळ हवी होती. वेळ स्वस्त, म्हणून मालिकेचा खर्चही आखूड. सिड आणि मार्टी क्रॉफ्ट या बाहुलीवाल्या भावांनी १९६९ मध्ये ‘एच. आर. पफनस्टफ’ केली. भाग अवघे १७, पण तेच वर्षानुवर्षे फिरवून दाखवले. ७ सप्टेंबर १९७४ या एकाच शनिवारी दोन मालिका सुरू झाल्या : एनबीसीवर क्रॉफ्टांची ‘लँड ऑफ द लॉस्ट’ आणि सीबीएसवर फिल्मेशन कंपनीची ‘शझॅम’. पुढच्या वर्षी फिल्मेशननेच ‘आयसिस’ आणली, त्यात महानायक स्त्री होती.

काटकसर कुठे आहे ते ओळखायचे असेल तर रूपांतराचा प्रसंग पाहा. साधा मुलगा महानायक होतो ते दृश्य एकदा नीट, पैसे घालून चित्रित करायचे आणि दर भागात तेच चिकटवायचे. प्रत्येक भागातले अर्धे-एक मिनिट फुकट मिळते, आणि मुलांना तर तेच पुन्हा पुन्हा हवे असते. जपानी मालिकांनी हेच केले, आपल्याकडेही हेच झाले. दुसरी काटकसर म्हणजे जागा. ‘शझॅम’चा नायक मोटारघरातून गावोगाव फिरतो, म्हणजे सेटचा खर्च नाही, रस्ता आणि टेकडी पुरते. शेवटी नायक कॅमेऱ्याकडे पाहून दोन शब्द उपदेशाचे बोलतो. ‘शक्तिमान’च्या शेवटी येणाऱ्या ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’चा हा चुलतभाऊच म्हणायचा.

मग ते संपले कसे? केबलवर मुलांच्या चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या, १९९० च्या कायद्यानंतर शैक्षणिक कार्यक्रमांची सक्ती आली, आणि २०१४ च्या सप्टेंबरात शेवटच्या मोठ्या वाहिनीनेही शनिवारचा कार्टूनचा पट्टा बंद केला.

प्रश्न : गरगर फिरून अदृश्य होणारा नायक मोबाइलवर करायचा आहे. मुलाला हाताने फिरवले तर तो चक्कर येऊन पडतो आणि व्हिडिओ भरभर केला तर तुटक दिसतो.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : मुलाला फिरवू नका, पाट फिरवा, तोही सावकाश. १८ मिलिमीटर प्लायवुडची ६० सेंटिमीटर व्यासाची चकती कापून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात जेवणाच्या फिरत्या टेबलाची गोल बेअरिंग प्लेट मिळते. ३० सेंटिमीटरची घ्या, लहान घेतली तर चकती डुगडुगते. मुलाने बरोबर मध्यावर, दोन्ही पाय जुळवून आणि हात अंगाशी धरून उभे राहायचे. चकती दोन सेकंदांत एक फेरा या वेगाने फिरवा आणि दहा सेकंदांत थांबा. याहून जोरात गेलात तर तोल जातो.

पडद्यावर सेकंदाला दोन फेरे दिसायला हवेत, म्हणजे चित्रण चौपट वेगाने दाखवायचे. तुमचा तुटकपणा इथेच येतो. साधे ‘४ एक्स’ लावले की संपादनाचे अॅप दर चारातल्या तीन फ्रेम फेकून देते आणि उरलेली फ्रेम टोकदार असते, त्यात हालचालीची फरफट नसते. अॅपमध्ये ‘फ्रेम ब्लेंडिंग’ असेल तर ते चालू करा, चार फ्रेम एकात मिसळून हवा तसा रंगांचा पट्टा तयार होतो. शिवाय मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/२५ किंवा १/३० करा. दिवसा अंगणात त्याने चित्र पांढरे फटक होते, तेव्हा संध्याकाळी किंवा सावलीत करा. कपडे दोन ठळक रंगांचे घाला. एकरंगी सदरा फिरला काय नि उभा राहिला काय, पट्टा एकच दिसतो.

अदृश्य होण्यासाठी कॅमेरा तिपाईवर घट्ट हवा आणि फोकस व उजेड लॉक केलेला हवा. फिरणे, मग मुलगा नसलेली मोकळी जागा आणि दोहोंच्या मध्ये सहा फ्रेमची विरघळण, म्हणजे एक चित्र विरत दुसरे उमटणे. कॅमेरा केसभर हलला तरी मागची भिंत उडी मारते आणि सगळी जादू पकडली जाते.

उडी, उंची आणि आग यांतले काही करायचे नाही. उडताना दाखवायचे असेल तर मुलाला स्टुलावर पालथे निजवा आणि पुढचा हिरव्या पडद्याचा प्रश्न वाचा.

प्रश्न : स्नेहसंमेलनात सरड्यासारख्या माणसांची टोळी दाखवायची आहे. बारा मुले आहेत, पैसा तीन पोशाखांपुरता आहे. भाड्याचे पोशाख पाहिले, वाढदिवसाचे वाटतात.
— एका शाळेतील कलाशिक्षिका, सक्करदरा

उत्तर : तीनच करा. ‘लँड ऑफ द लॉस्ट’मधल्या ‘स्लीस्टॅक’ नावाच्या सरडामाणसांची अख्खी जमात तीन पोशाखांवर निभावली होती. आत उंच बास्केटबॉलपटू घालत, पुढे एनबीएत गाजलेला बिल लँबीर त्यांतला एक. चौथा स्लीस्टॅक पडद्यावर कधी येतच नसे. रंगमंचावर हीच युक्ती आणखी सोपी आहे. तिघे डावीकडून उजवीकडे जातात, पडद्यामागून धावत फिरतात आणि पुन्हा डावीकडून येतात. मागच्या पांढऱ्या पडद्यावर उरलेल्या नऊ मुलांच्या सावल्या टाका, त्यांना फक्त पुठ्ठ्याचे तुरे लागतात.

डोक्यासाठी फोम किंवा रबराच्या मागे लागू नका. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारे बडगे कामट्या आणि कागदातूनच उभे राहतात, तीच रीत धरा. पसरट बुडाचे मडके पालथे घाला, वर प्लास्टिकची पिशवी ताणून बांधा. लई करा : एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या, मग उरलेले उकळते पाणी ओतून ढवळत शिजवा. दुधी रंग जाऊन चकाकी आली की उतरवा. जुने जाणते लईत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, तोंडावर घालायच्या मुखवट्यात घालू नका. त्याऐवजी लई रोजच्या रोज ताजी करा.

वर्तमानपत्राच्या तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या फाडा, कापू नका. कापलेली कड उठून दिसते, फाटलेली मुरते. पहिला थर वर्तमानपत्राचा, दुसरा खाकी कागदाचा, असे आलटून पालटून सहा थर द्या. रंग वेगळा असल्याने थर कुठे राहिला ते लगेच दिसते. दोन थर झाले की एक दिवस थांबा. डिसेंबरात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात तीनही कमी पडतात. लवकर व्हावे म्हणून गच्चीवर उन्हात ठेवले तर वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओला राहतो आणि अख्खे डोके पिळवटते. सावलीत, पंख्याखाली वाळवा.

वाळल्यावर कानांच्या रेषेत ब्लेडने दोन तुकडे करा, मडके काढा आणि तुकडे पुन्हा कागदाने जोडा. डोळ्यांसाठी मोठ्या प्लास्टिकच्या चेंडूचे अर्धे भाग चिकटवा आणि त्यांवर काळा नेलपॉलिश द्या. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा, तो मागच्या रांगेतून दिसतच नाही. पाहायचे मात्र या डोळ्यांतून नाही. मुलगा तोंडाच्या फटीतून पाहणार आणि फटीला आतून मच्छरदाणीची काळी जाळी. पांढरी जाळी उजेडात चमकते. नाकपुड्या खरोखर आरपार कापा. आतून कपाळ, मागे आणि दोन्ही बाजूंना फोमचे चार तुकडे लावा म्हणजे डोके टेकेल आणि मधून हवाही खेळेल. पूर्ण अस्तर लावलेत तर पाचव्या मिनिटाला मूल डोके काढून फेकेल.

अंगासाठी जुना हिरवा ट्रॅकसूट. खवले ४ सेंटिमीटरचे, ६ मिलिमीटर इव्हीए शीटचे (स्वस्त योगा मॅट चालते). एका पोशाखाला, नुसत्या छाती, पाठ आणि दंडांपुरते धरले तरी सहाशेच्या आसपास लागतात. ते कौले घालतात तसे खालून वर लावा. वरून सुरुवात केली तर प्रत्येक खवल्याचा डिंक दिसतो. फेव्हिकॉल एसआर ९९८ दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटे थांबा, बोटाला चिकटेनासे झाले की दाबा. ओले असताना दाबाल तर सकाळपर्यंत सरकत राहील. याचा वास डोक्यात चढतो, तेव्हा मुलांना दूर ठेवून उघड्या व्हरांड्यात करा. ट्रॅकसूट कोणीतरी घालून उभा असताना, किंवा निदान आत उशा भरून फुगवल्यावर, खवले लावा. सपाट टेबलावर लावलेले गुडघा वाकवताच तडातडा सुटतात.

रंग देण्याआधी इव्हीएवर हीट गनची कडक हवा फिरवा म्हणजे त्याची छिद्रे मिटतात. मग पांढरा फेव्हिकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे करून तीन हात द्या. त्यावर अॅक्रिलिक रंग टिकतो, नाहीतर नाचताना पापडासारखा गळतो. आधी गडद हिरवा सगळीकडे द्या आणि तो वाळला की जवळजवळ कोरड्या कुंचल्याने खवल्यांच्या कडांवर पिवळा ओढा. हा शेवटचा अर्धा तास वाचवू नका. लांबून राक्षस दिसतो तो त्या पिवळ्यामुळे.

दहा मिनिटे पोशाखात, दहा मिनिटे बाहेर, हा नियम डिसेंबरातही पाळा.

प्रश्न : जुन्या मालिकांत माणसांभोवती निळी झळाळी का दिसायची? आम्ही हिरव्या साडीवर प्रयत्न केला, तीच झळाळी हिरवी आली.
— एक वाचक, जरीपटका

उत्तर : व्हिडिओमध्ये रंग हा उजेडापेक्षा खूपच ढोबळ नोंदवला जातो. बाईच्या केसांची कड उजेडात स्पष्ट असते, पण रंगाची कड तिच्या पलीकडे सांडलेली असते. ‘एवढा निळा वजा करा’ म्हटले की यंत्र सांडलेला भाग सोडून देते. त्या काळच्या यंत्रांत कड सावरायची सोय तुटपुंजी होती. आज निळ्याऐवजी हिरवा घेतात, कारण मोबाइलच्या सेन्सरमध्ये निम्मे ठिपके हिरव्याचे असतात आणि हिरव्यात चित्र सर्वात स्वच्छ येते.

तुमची चूक साडीत आहे. साडी चमकते आणि तिच्यावर चुण्या असतात. न चमकणारे पोपटी सुती कापड तीन मीटर रुंद, सहा मीटर लांब शिवून घ्या, इस्त्री करा आणि खालच्या कडेला दांडा ओवा. बाटलीचा गडद हिरवा नको. पात्र पडद्यापासून दोन मीटर पुढे उभे करा. याहून जवळ असेल तर कापडावरून उडालेला हिरवा उजेड गालावर पडतो, आणि तीच तुमची झळाळी. पडद्याला दोन बाजूंनी दोन २० वॉटच्या एलईडी ट्यूब, पात्राला वेगळा दिवा. आधी पात्राशिवाय फोटो काढा. पडद्याच्या कोपऱ्यात आणि मध्यात हिरव्यात डोळ्यांना फरक दिसत असेल तर दिवे हलवा, पुढे जाऊ नका.

थोडी झळाळी राहिली तर राहू द्या. ती पूर्ण पुसली की जुन्या मालिकेचा वास जातो.

प्रश्न : लहानपणी दूरदर्शनवर एक मुलगा घड्याळात बोलून राक्षसी रोबोट बोलवायचा. ती कुठली मालिका? आणि तसा प्रचंड रोबोट शहरात चालताना मोबाइलवर घेता येईल का?
— एक वाचक, गोधनी मार्ग

उत्तर : ‘जायंट रोबो’. जपानच्या तोएई कंपनीची, १९६७-६८ ची, २६ भागांची. आपल्याकडे ती १९८० च्या दशकात लागली. मुलाचे इंग्रजीतले नाव जॉनी सोको, जपानीत दायसाकू. शेवटच्या भागात रोबोट मालकाचे न ऐकता शत्रूला घेऊन स्वतः अवकाशात जाऊन धडकतो. त्या पिढीतली बरीच मुले तिथे रडली.

रोबोट तीस मीटर उंच समजा आणि आत पावणेदोन मीटरचा माणूस. प्रमाण साधारण १ ला १७. प्रचंड वस्तू सावकाश पडते, सावकाश पाऊल टाकते. माणूस आपल्या वेगाने चालला की डोळा खोटे ओळखतो. म्हणून प्रमाणाच्या वर्गमूळाइतके चित्रण मंद करायचे. १७ चे वर्गमूळ चारच्या किंचित वर, म्हणजे २५ फ्रेमच्या चौपट, शंभराच्या आसपास. मोबाइलचे १२० फ्रेमचे स्लो मोशन नेमके इथे कामी येते. त्या काळात हेच करायला चारपट फिल्म जाळावी लागे.

त्याच प्रमाणात दहा मीटरची इमारत ५९ सेंटिमीटरची होते. पुठ्ठ्याची करा, खिडक्या कापून आतून बटर पेपर लावा. नागपूरच्या झिरो माइलचा खांब सोपा, तिथले घोडे अवघड. घोडे कृष्णधवल छापून पुठ्ठ्यावर चिकटवले तरी लांबून खपून जातात. कॅमेऱ्याचे भिंग जमिनीपासून नऊ-दहा सेंटिमीटरवर ठेवा. १ ला १७ मध्ये रस्त्यावरच्या माणसाचे डोळे तिथेच येतात. गुडघ्याच्या उंचीवरून घेतले की रोबोट नाही, मुखवटा घातलेला काका दिसतो.

१२० फ्रेमला भरपूर उजेड लागतो आणि घरातले एलईडी दिवे मोबाइलला लुकलुकताना दिसतात, चित्रावर पट्टे येतात. गच्चीवर सकाळी दहाच्या आत करा, तेव्हा सावल्या लांब पडतात. इमारत कोसळताना उडणारी धूळ म्हणून मुलतानी माती किंवा शंखजिरे घ्या, मैदा किंवा पीठ मुळीच नको. हवेत उडालेल्या पिठाला ठिणगी लागली की भडका होतो. नाकाला रुमाल बांधा. फटाके नकोत, आवाज नंतर घालता येतो.

प्रश्न : सोसायटीच्या सभागृहात महिन्यातून एका शनिवारी जुने भाग दाखवले तर चालेल का? तिकीट नाही.
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : घरात पाच-सात जणांनी पाहणे वेगळे आणि सभागृहात जाहीर दाखवणे वेगळे. तिकीट नसले तरी जाहीर प्रदर्शनाला हक्कधारकाची परवानगी लागते. चित्रपट आणि मालिकांचा हक्क प्रसारणाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. १९९७ च्या भागांचा २०५७ अखेरपर्यंत. निर्मात्याला लेखी विचारा. तोवर सदस्यांनी स्वतः केलेले लघुपट दाखवा. या अंकातल्या तीन प्रश्नांवरून तेवढे जमायला हरकत नाही.

प्रश्न : १९९९ च्या सुमाराचा रबरी राक्षसाचा मुखवटा आलमारीत होता. आता एक गाल चिकट झाला आणि कान दगडासारखा. वाचेल?
— एक वाचक, इतवारी

उत्तर : वाचवता येणार नाही, थांबवता येईल. नैसर्गिक रबर उन्हाने, उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने तुटते. काही जागी चिकट होते, काही जागी कडक. कडक झालेला कान पुन्हा मऊ होत नाही. खोबरेल तेल तर अजिबात लावू नका, तेलाने रबर फुगून विरघळते. घरोघरी सर्वात जास्त मुखवटे याच उपायाने गेले आहेत.

चिकट गालावर मऊ कुंचल्याने शंखजिरे झटका, उरलेले फुंकून काढा. आत पांढऱ्या, बिनछपाईच्या कागदाचे बोळे भरून मूळ आकार धरा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई रबरात उतरते. मुखवटा मोकळा ठेवा, चिकट बाजू कशालाही टेकू देऊ नका. खोके घरातल्या सर्वात थंड, अंधाऱ्या खोलीत, मिक्सरसारख्या ठिणग्या उडणाऱ्या मोटरींपासून लांब ठेवा. त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो. कान सुटलाच तर फेकू नका. आजच चारही बाजूंनी फोटो काढा, बाजूला फूटपट्टी ठेवून. नवा कान मातीत घडवताना मोजमाप त्यावरूनच घ्यावे लागेल.